पोटगीची वसुली : अधिकार खात्याचे, हक्क कोणाचा?

(कुटुंब सल्ला केंद्रांत काम करणाऱ्या कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गात केलेल्या भाषणाचा मजकूर.)



आपल्या केंद्रावर पोटगीसाठी जी बाई येते, तिच्या पिशवीत बरेचदा कोर्टाचा हुकूम असतोच. दोन-तीन वर्षं तारखा करून तो तिनं मिळवलेला असतो. मुलाला दरमहा इतके, तिला दरमहा इतके, असं त्यात स्वच्छ लिहिलेलं असतं. नसतात ते पैसे. मग वसुलीचा अर्ज, पुन्हा वकील, पुन्हा तारखा. वॉरंट निघतं आणि 'मिळून आला नाही' असा शेरा घेऊन परत येतं. माणूस पारावर बसलेला असतो, हे सगळ्या गावाला ठाऊक असतं. पोलिसांनाच तेवढा तो दिसत नाही.

म्हणून आपल्या बैठकांतून एक मागणी पुन्हा पुन्हा पुढं येते. पोटगी वसूल करायला सरकारचं स्वतंत्र खातंच हवं. बाईनं हुकूम मिळवला की पुढची पळापळ सरकारनं करावी. शेतसारा थकला तर सरकार वसूल करतं, बँकेचं कर्ज थकलं तर जप्ती येते, मग पोराच्या दुधाचे पैसे थकले तर का नाही? मागणी रास्त आहे आणि मी तिच्या बाजूची आहे. पण नुसतं 'खातं काढा' म्हणून भागणार नाही. त्या खात्याला अधिकार कोणते, त्याची कर्तव्यं कोणती, आणि त्यानं कर्तव्य केलं नाही तर बाईनं जायचं कुठं, या तीन प्रश्नांची उत्तरं मागणीतच लिहिलेली असली पाहिजेत. ती लिहिली नाहीत तर काय होतं, याचा धडा ब्रिटननं घालून दिला आहे. आज मी मुख्यतः त्याबद्दलच बोलणार आहे.

खातं का निघालं?

१९८० च्या दशकाच्या अखेरीला ब्रिटनमधल्या एकट्या आयांपैकी साधारण दहांतल्या तिघींनाच मुलांच्या बापाकडून नियमित पोटगी मिळत होती. रक्कम कोर्ट ठरवी. एका कोर्टात एक आकडा, शेजारच्या कोर्टात दुसराच. थकली तर पुन्हा कोर्ट. वर्णन ओळखीचं वाटतंय ना? त्यातल्या बऱ्याच आया इन्कम सपोर्ट नावाच्या सरकारी निर्वाह भत्त्यावर जगत होत्या आणि हा खर्च वाढत चालला होता. १९९० मध्ये मार्गारेट थॅचर यांच्या सरकारनं श्वेतपत्रिका काढली, १९९१ मध्ये बाल पोटगी कायदा झाला आणि एप्रिल १९९३ मध्ये चाइल्ड सपोर्ट एजन्सी सुरू झाली.

श्वेतपत्रिकेचं नाव होतं 'मुलं आधी'. हे नाव लक्षात ठेवा. पुढं काय घडलं ते या नावाशी ताडून बघायचं आहे.

कायद्यातली दोन तत्त्वं मात्र मनापासून घेण्यासारखी होती. एक, आईबापांचं लग्न झालेलं असो वा नसो, मूल दोघांचं आणि पोसायची जबाबदारी दोघांची. दोन, रक्कम ठरवायची ती सूत्रानं. वकील किती तगडा, न्यायाधीशांचा स्वभाव कसा, बाई कोर्टात किती रडली, यावर ती ठरायची नाही. सुरुवातीचं सूत्र इतकं किचकट होतं की खात्याच्या कर्मचाऱ्यांचीच हिशोबात गफलत व्हायची. २००३ मध्ये ते सोपं केलं गेलं: बापाच्या निव्वळ उत्पन्नाच्या १५ टक्के एका मुलाला, २० टक्के दोघांना, २५ टक्के तिघांना किंवा त्याहून जास्त मुलांना. २०१२ पासूनच्या नव्या योजनेत एकूण उत्पन्नावर हिशोब होतो आणि मूळ दर १२, १६ आणि १९ टक्के असे आहेत. उत्पन्नाचा आकडा थेट आयकर खात्याकडून घेतला जातो. नवरा म्हणतो म्हणून तो बेकार, असं तिथं चालत नाही.

हातात काय काय दिलं?

या खात्याच्या अधिकारांची यादी ऐकली की आपल्याला हेवा वाटेल. मालकाकडून, बँकेकडून, कर खात्याकडून माहिती मागवता येते. चौकशीसाठी निरीक्षक पाठवता येतात. मूल माझं नाही असं बाप म्हणाला तर डीएनए तपासणी सांगता येते आणि त्यानं ती नाकारली तर तोच बाप आहे असं धरून चालता येतं. पगारदार माणसाच्या पगारातून परस्पर कपात करायचा आदेश मालकाला देता येतो आणि त्यासाठी कोर्टात जावं लागत नाही. २००८ च्या कायद्यानं बँक खात्यातून पैसे वळते करून घेण्याचा अधिकारही आला. एवढ्यानं भागलं नाही तर थकबाकी कोर्टाकडून शाबीत करून घेऊन बेलीफ पाठवता येतात, घरावर बोजा चढवता येतो. शेवटी वाहन परवाना काढून घेणं, २०१८ पासून पासपोर्ट काढून घेणं, आणि सहा आठवड्यांपर्यंत तुरुंग.

इतकी हत्यारं असूनही २००६ मध्ये या खात्याकडची थकबाकी तीन अब्ज पौंडांच्या वर गेली होती. त्या वर्षी सर डेव्हिड हेन्शॉ यांनी सरकारला अहवाल दिला. हे खातं सुधारण्यापेक्षा बंद करून नवी व्यवस्था उभी करा, असा त्याचा मथितार्थ होता. मग अडलं कुठं? संगणकाचा घोळ झाला, माणसं अपुरी होती, धंदेवाईक बाप उत्पन्न लपवत होते, हे सगळं खरंच आहे. पण आपण स्त्रियांच्या बाजूनं बघतो तेव्हा मुळाशी दोन गोष्टी दिसतात. एक पैशाची आणि एक दाद मागण्याची.

पैसा गेला कुठं?

आधी पैशाचं बघू. समजा, एक आई निर्वाह भत्त्यावर आहे. खात्यानं बापाकडून आठवड्याला वीस पौंड वसूल केले. तर तिच्या भत्त्यातून वीस पौंड कापले जायचे. म्हणजे बापाच्या खिशातून गेले, सरकारच्या तिजोरीत आले, आणि मुलाच्या ताटात एक घासही वाढला नाही. वर एखादीची पोटगी भत्त्यापेक्षा जरा जास्त झाली की तिचा भत्ता पूर्ण बंद, आणि त्याबरोबर मुलांचं शाळेतलं फुकट जेवणही बंद. आता 'मुलं आधी' हे नाव आठवा.

म्हणजे गरिबातल्या गरीब आयांपुरतं हे खातं मुलांचं नव्हतंच, अर्थखात्याचं होतं. आणि म्हणूनच त्यांच्यावर सक्ती होती. कायद्याच्या सहाव्या कलमानं भत्त्यावरच्या आईनं बापाचं नाव सांगून वसुलीला संमती देणं बंधनकारक केलं. तिनं नकार दिला तर तिचा भत्ता कापायचा. १९९६ पासून ही कपात तिच्या स्वतःच्या भत्त्याच्या ४० टक्के, आणि तीही तीन वर्षं, इतकी कडक केली गेली.

एक पळवाट ठेवली होती. नाव सांगितल्यानं आपल्याला किंवा मुलाला इजा होईल, अतोनात त्रास होईल, अशी तिला रास्त भीती असेल तर सूट. पण ती भीती रास्त आहे हे पटवायचं कोणाला? भत्त्याच्या कचेरीतल्या माणसाला. मारणाऱ्या नवऱ्यापासून जीव मुठीत धरून पळालेल्या बाईनं आपल्या अंगावरचे वळ कारकुनासमोर शाबीत करायचे. आपल्या केंद्रांत आपण नेहमी विचारतो, 'बाई, तुला काय हवंय?' हा प्रश्न तिथं कोणी विचारलाच नाही. काही बायकांना त्या माणसाशी पैशापुरताही संबंध नको होता. स्त्रियांच्या काही गटांनी म्हणूनच या कायद्याला पहिल्यापासून विरोध केला.

बापांचाही मोठा विरोध झाला, मोर्चे निघाले. घर बायकोच्या नावे करून हिशोब मिटवला होता तो धरलाच नाही, दुसऱ्या संसाराचा खर्च धरला नाही, अशी त्यांची ओरड होती. यातल्या काही तक्रारी खऱ्या होत्या. पण दोन विरोधांचं काय झालं ते बघण्यासारखं आहे. बापांची ओरड झाल्यावर १९९५ पर्यंत सूत्रात सवलती आल्या. आयांवरची सक्ती मात्र उठायला २००८ साल उजाडलं. भत्त्यावरच्या आईला वसुलीतले आठवड्याला दहा पौंड स्वतःकडे ठेवता येऊ लागले ते २००३ मध्ये, तेही फक्त नव्या योजनेतल्या केसेसना. पूर्ण पोटगी भत्त्याला धक्का न लागता हातात पडू लागली ती एप्रिल २०१० पासून. खातं निघाल्यापासून सतरा वर्षांनी! १९९३ मध्ये जन्मलेलं मूल तोवर मिसरूड फुटायच्या वयाला आलं होतं.

दाद कुठं मागायची?

आता दुसरी गोष्ट. ही कायद्याची आहे, पण कंटाळू नका, कारण आपल्या मागणीचा जीव हिच्यात आहे.

खातं निघाल्यावर ब्रिटनमधल्या आईचा स्वतः कोर्टात जाऊन मुलांची पोटगी ठरवून घेण्याचा आणि वसूल करण्याचा हक्क बहुतेक सगळ्या बाबतींत काढून घेतला गेला. जे करायचं ते खातं करील. आणि खात्यानं काय करायचं? कायद्यात कपात, जप्ती, तुरुंग यांबद्दलचे शब्द आहेत 'करू शकेल' असे. 'करीलच' असे नाहीत. मुलाच्या हिताचा विचार ठेवावा, असं एक कर्तव्य दुसऱ्या कलमात घातलं आहे. पण विचार ठेवणं वेगळं आणि पैसे आणून देणं वेगळं.

चार मुलांच्या एका आईनं यावर लढा दिला. १९९३ पासून तिची केस खात्याकडे होती, बाप देत नव्हता, थकबाकी साचत होती आणि खातं आपल्या गतीनं चाललं होतं. ती म्हणाली, तुम्हाला जमत नसेल तर मला माझ्या मुलांसाठी कोर्टात जाऊ द्या. हा खटला देशाच्या सर्वोच्च न्यायपीठापर्यंत, म्हणजे तेव्हाच्या हाउस ऑफ लॉर्ड्सपर्यंत गेला. २००५ मध्ये निकाल लागला: कायद्यानं तिला बापाविरुद्ध अंमलबजावणीचा हक्क दिलेलाच नाही, तेव्हा तो हिरावला असं म्हणता येत नाही. खात्याच्या दिरंगाईवर फार तर वेगळी तक्रार करता येईल. पाच न्यायाधीशांपैकी एकीनंच विरोधी मत दिलं. त्या लेडी हेल. त्यांचं म्हणणं थोडक्यात असं, की हा प्रश्न मुळात मुलांच्या हक्काचा आहे, पोसलं जाणं हा मुलांचा कायदेशीर हक्क आहे, आणि सरकारनं वसुली आपल्या हाती घेतली म्हणून तो हक्क संपत नाही. पुढं २००८ मध्ये युरोपच्या मानवी हक्क न्यायालयातही त्या आईच्या पदरी काही पडलं नाही.

थकबाकीचं काय झालं? २०१८ मध्ये नवे नियम करून, जुन्या खात्याच्या काळातली जी बाकी वसूल होण्यासारखी नाही ती खात्याच्या हिशोबातून काढून टाकायची मोठी वाट मोकळी केली गेली. सरकारनं वसुली हाती घेतली, आईला कोर्टाचं दार बंद केलं, आणि शेवटी वहीवर रेघ मारली. ते देणं सरकारचं नव्हतंच, मुलांचं होतं.

आज तिथं चाइल्ड मेंटेनन्स सर्व्हिस नावाची नवी व्यवस्था आहे. आईबापांनी आपसात ठरवावं यावर तिचा भर आहे. खात्यानं पैसे गोळा करून द्यायचे तर २०१४ पासून देणाऱ्याकडून वर २० टक्के आणि घेणाऱ्या आईच्या रकमेतून ४ टक्के आकार घेण्याची पद्धत सुरू झाली. आपसात ठरवा म्हणणं कागदावर छान दिसतं. पण ज्या बाईला त्या माणसाचा फोन आला तरी धडकी भरते, तिनं काय ठरवायचं? पैसे द्यायचे तर खात्यात थोडेथोडे टाकायचे, उशिरा टाकायचे, दर वेळी तिला विनवायला लावायचं, हाही छळच आहे. २०२३ मध्ये ब्रिटिश संसदेला त्यासाठी वेगळा कायदा करावा लागला, की छळ सोसलेल्या व्यक्तीला समोरच्याची संमती न घेता खात्यामार्फत पैसे घेता यावेत.

सगळीकडे असंच चालतं असंही नाही. जर्मनीत १९८० पासून कायदा आहे: एकट्या पालकाला मुलाची पोटगी मिळत नसेल तर सरकार ठराविक रक्कम आगाऊ देतं आणि मग बापाच्या मागं लागतं. २०१७ पासून ही सोय मूल अठरा वर्षांचं होईपर्यंत मिळते. वसुली फसली तर झळ सरकारला लागते, मुलाच्या पोटाला लागत नाही.

आपल्याकडं काय आहे?

आपल्याकडं असं खातं नाही, पण हात अगदीच रिकामे नाहीत. जुनं कलम १२५ आपल्याला तोंडपाठ आहे. १ जुलै २०२४ पासून ते भारतीय नागरिक सुरक्षा संहितेत कलम १४४ झालं. थकलेल्या प्रत्येक महिन्यासाठी एक महिन्यापर्यंत कैद, ही तरतूद कायम आहे. रक्कम देय झाल्यापासून एक वर्षाच्या आत वसुलीचा अर्ज करायचा, हेही कायम आहे. ही मुदत चुकली म्हणून बायकांची थकबाकी अडकते, तेव्हा वर्ष उलटू देऊ नका. 'महिनाभर आत जाईन पण दमडी देणार नाही' म्हणणाऱ्याला सांगा, की तुरुंगात गेल्यानं देणं फिटत नाही, असं सर्वोच्च न्यायालयानं १९८९ मध्येच सांगितलं आहे. नोव्हेंबर २०२० च्या रजनेश विरुद्ध नेहा या निकालानं दोन्ही बाजूंना मिळकतीचं प्रतिज्ञापत्र सक्तीचं केलं आणि पोटगी अर्जाच्या तारखेपासून द्यायची असं ठरवून दिलं.

पगारदार नवरा असेल तर पोटगीच्या दिवाणी हुकूमनाम्यासाठी पगारातला एकतृतीयांश भागच जप्तीतून सुटतो, बाकीचा जप्त होऊ शकतो. इतर कर्जांपेक्षा पोटगीला कायद्यानं इथं वरचं स्थान दिलं आहे. २००५ च्या कौटुंबिक हिंसाचार कायद्यात तर मालकानं पगारातली रक्कम थेट बाईला द्यावी, असा आदेश मॅजिस्ट्रेट देऊ शकतात. कलम २०, पोटकलम ६. आणि त्याच कायद्याच्या कलम ९ मध्ये संरक्षण अधिकाऱ्याच्या कर्तव्यांत स्पष्ट लिहिलं आहे, की कलम २० खालच्या आर्थिक मदतीच्या आदेशाचं पालन आणि अंमलबजावणी होते की नाही हे त्यानं पाहायचं. म्हणजे पोटगी वसुलीचं कर्तव्य असलेला सरकारी माणूस आपल्या तालुक्या-जिल्ह्यात आजच आहे. त्याच्याकडे दहा कामं, ना गाडी ना माणूस. आणि हे कलम दाखवल्यावर काही जण 'हे माझं काम आहे का?' म्हणून आपल्यालाच विचारतात.

मात्र एक गोष्ट आपल्याकडं ब्रिटनपेक्षा चांगली आहे. आपल्या बाईला कोर्टाचं दार बंद नाही. ते दार कितीही जड असो, तिच्या स्वतःच्या हातानं ढकलता येतं. नवं खातं मागण्याच्या भरात हा हक्क आपण गमावता कामा नये.

मागणीत काय लिहायचं?

तेव्हा माझं म्हणणं असं. खातं मागायचं, पण पाच अटींवर. एक, वसूल झालेला पैसा पूर्ण मुलाच्या आणि आईच्या हाती. त्यापायी तिचं रेशन, निराधार योजनेचं अनुदान, मुलांची शिष्यवृत्ती काहीही कापायचं नाही आणि तिच्याकडून आकारही घ्यायचा नाही. दोन, ठरलेल्या मुदतीत वसुली झाली नाही तर सरकारनं किमान रक्कम आगाऊ द्यावी आणि मग बापाकडून काढावी. तीन, खात्याची कर्तव्यं 'करील' या शब्दात, मुदतीसकट. चार, खातं असलं तरी बाईचा स्वतः कोर्टात जायचा हक्क शाबूत, आणि खात्यानं काम केलं नाही तर खात्याविरुद्धही. पाच, कोणत्याही बाईवर सक्ती नाही. तिचा पत्ता गुप्त, तिची भीती तिच्या शब्दावर खरी धरायची.

कोणी म्हणेल, पगारदारांचं ठीक, पण ज्याचं नाव सातबाऱ्यावर नाही, जो मुकादमाकडं रोजानं जातो, त्याचा पगार कुठून कापणार? प्रश्न खरा आहे. ब्रिटनच्या खात्यालाही धंदेवाईक माणूस सापडत नव्हता, आणि आपल्याकडं तर पगारपत्रक असलेला नवराच विरळा. म्हणूनच दुसरी अट, आगाऊ रकमेची, आपल्यासाठी सर्वांत मोलाची आहे. शेतमजुराच्या बायकोला नुसत्या वसुली खात्याचा उपयोग थोडा, आगाऊ रकमेचा जास्त.

१९८० च्या दशकात संगमनेर, सांगली भागात परित्यक्तांच्या परिषदा झाल्या, तेव्हा टाकलेली बाई ही मोजण्याजोगी, सरकारनं दखल घेण्याजोगी आहे हेच आधी पटवावं लागलं. ते काम मोजणीनं झालं. आताही मोजणीनंच सुरुवात करू. प्रत्येक केंद्रानं आपलं रजिस्टर काढावं. किती जणींना पोटगीचा हुकूम झाला, गेल्या सहा महिन्यांत किती जणींच्या हातात पैसे पडले, किती वॉरंटं 'मिळून आला नाही' म्हणून परत आली, कौटुंबिक हिंसाचार कायद्याखालच्या किती आदेशांत संरक्षण अधिकाऱ्यानं कलम ९ प्रमाणे काही केलं. त्या अधिकाऱ्याला लेखी पत्र द्या, पोच घ्या. उत्तर आलं तर ते जपून ठेवा, नाही आलं तर पोच जपून ठेवा. पुढच्या बैठकीला हे आकडे घेऊन या. मागणीचा मसुदा आपण त्यावर लिहू.